साव इमची मावशी

माझ्या आईला आम्ही पाच मुलं, आणि शिवाय एक चिनी मुलगी. पाहुण्यांना ती असं सांगायची तेव्हा त्यांना वाटायचं, थट्टा करतेय. पण मलाय मुलखातल्या आमच्या गावात, क्वीन स्ट्रीटवर मारियम्मनच्या देवळासमोर आईची फुलांची गाडी असायची, तिथं रोज सकाळी एक पोर "अम्मा!" करत धावत यायची. डोळे बारीक, केस सरळ, नाक बसकं, आणि गालावर मात्र आमच्या तमिळ पद्धतीचा काजळाचा ठिपका. साव इम तिचं नाव. राहायची मागच्या किंग स्ट्रीटवर, स्वतःच्या आईबापाच्या घरी. जेवायची तिथं, झोपायची तिथं, मार खायची तोही तिथंच. अम्मा मात्र माझ्या आईला म्हणायची, आणि जिच्या घरी राहायची त्या बी होंगला म्हणायची 'ई'. ई म्हणजे मावशी.

हे असं का, ते दोन्ही गल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. बी होंगची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. साव इम झाली तेव्हा तिनं पिट स्ट्रीटवर, कुआन यिन देवीच्या देवळाबाहेर बसणाऱ्या जोशाला मुलीची जन्मवेळ सांगितली. जोशी बराच वेळ बोटं मोजत बसला आणि म्हणाला, "मायलेकींचं जुळत नाही. हिनं तुला आई म्हटलं की दोघींतली एक गेलीच म्हणून समज. हिला दुसरी आई दे, जिची मुलं जगतात अशी. आणि जमलं तर दुसऱ्या देवाची दे, म्हणजे आपल्याकडच्या देवांना माग लागणार नाही."

माझ्या आईची पाचही पोरं जगली होती, आणि देव तर वेगळाच होता. बी होंग बाळाला घेऊन गाडीपाशी आली आणि म्हणाली, "पाक्कियम, हिला घे." आईला वाटलं, जरा वेळ धरायला देतेय. तिनं घेतली, मांडीवर टाकली आणि माळ ओवत राहिली. मग बी होंगनं सगळं समजावून सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढंच ना? पाच जण हाका मारतात, त्यात सहावी. माझं काय जातंय?" चिनी रीतीप्रमाणं मानलेल्या आईनं बाळाला वाटी आणि जेवायच्या काड्या द्यायच्या असतात. आमच्याकडे काड्या कुठल्या? आईनं स्टीलचा पेला दिला, गालाला काजळ लावलं, आणि झालं.

आईचं काही गेलं नाही, गेलं ते माझं. मी शेंडेफळ, साव इमहून वर्षा-दीड वर्षानं मोठी. आईची मांडी तोवर माझ्या एकटीची होती. ही आली की आई म्हणायची, "सरक गं कनगा, पाहुणी आलीय." रोज उठून येणारी ती कसली पाहुणी? आता माझी साठी कधीच उलटली, आई जाऊन कैक वर्षं झाली, गाडी मीच चालवते, पण ते 'सरक गं' आठवलं की अजून डोकं फिरतं.

खरा घोळ झाला तो साव इमच्या डोक्यात. तिच्या पाठीवर केंग हुआत झाला. त्याची जन्मवेळ चांगली निघाली, म्हणून तो दिवसभर आई, आई करत बी होंगच्या मागे फिरायचा. ही बघत राहायची. एकदा तिनं मला विचारलं, "कनगा, मी मावशीच्या घरी का राहते?" मी म्हटलं, "मला काय माहीत? माझ्या घरी तरी येऊ नकोस." मग तिनं जाऊन बी होंगलाच विचारलं, "मावशी, माझी आई मला घरी का नेत नाही?" बी होंगनं तिचा कान पिळला. मग वाडगाभर शेवया पुढ्यात ठेवल्या आणि वर अंडं घातलं. कान पिळल्यावर अंडं कशासाठी, हे साव इमला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मोठी झाल्यावर साव इम पोपियाच्या, म्हणजे आत भाजी भरून गुंडाळायच्या चिनी सुरळीच्या, पोळ्या करायला लागली. ओल्या कणकेचा थुलथुलीत गोळा तळहातावर नाचवत ठेवायचा, तापल्या तव्यावर नुसता टेकवून उचलायचा, मागे कागदासारखी पोळी उरते ती सोलून काढायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. किंग स्ट्रीटच्या तोंडाशी ती तिचा तवा मांडायची. चिनी गिऱ्हाइकांशी होक्येन बोलायची, मलाय बायकांशी मलाय, आणि गोळा हातातून सुटला की शिवी मात्र तमिळ द्यायची. ती माझ्या आईची देणगी.

तिच्या लग्नात तर बघण्यासारखी गंमत झाली. चिनी लग्नात नवरा-नवरी गुडघे टेकून आईबापाला चहा देतात. आता आईच्या खुर्चीत बसायचं कुणी? हाक मारली तर धोका, मग सगळ्या देवांदेखत आईचा चहा घेतला तर? वडीलधाऱ्यांनी बराच काथ्याकूट केला आणि शेवटी माझ्या आईला बोलावणं आलं. आई हिरवी कांचीपुरम नेसून, केसांत वीतभर मोगरा माळून, साव इमच्या बापाशेजारी जाऊन बसली. बी होंग पलीकडे, मावशांच्या रांगेत. साव इमनं चहा पुढे केला तसं आईनं तो बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि मला तमिळमध्ये म्हणाली, "साखर विसरले गं हे लोक." साव इमनं ते होक्येनमध्ये सांगितलं तसा सगळा मांडव हसला. बी होंगही हसली. तिच्या वाट्याचा चहा आला तोवर तो निवला होता, तरी तिनं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मी समोरच होते, म्हणून मला दिसलं.

माझी आई गेली तेव्हा साव इम आम्हा बहिणींच्या बरोबरीनं रडली आणि आमच्यासारखेच तिनं आईच्या ओठांवर तांदूळ ठेवले. तू कोण, असं तिला कुणीही विचारलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीनंच तिचा हात धरून पुढे नेलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते केंग हुआतच्या नातीच्या बारशाच्या जेवणात. इपोहून त्यांची आठव्या नंबरची काकू आली होती. नव्वदीला टेकलेली बाई, तोंडाला कुलूप नाही. मासा वाढता वाढता ती भर टेबलावर म्हणाली, "जोशी कसला नि पत्रिका कसली! बी होंगची धाकटी बहीण नव्हती का, बी लियान? बाळंतपणात गेली. तिची ही पोर. म्हणून तर मावशी म्हणते. मावशीला मावशी म्हणणार नाही तर काय!"  मग कुणीतरी म्हणालं, मासा छान शिजलाय, आणि सगळे माशावर तुटून पडले.

साव इम दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीपाशी आली ती पांढरीफटक. "कनगा, काकू खोटं कशाला बोलेल?"

"म्हातारी आहे. काहीही बरळते."

"मग दर वर्षी थडगी झाडायला गेलो की मावशी मला आधी बी लियानच्या थडग्याशी का नेते? केंग हुआतला नेत नाही. मलाच वाकायला लावते. माझ्याच हातानं चहा ओतायला लावते."

 मी माळ ओवत राहिले आणि दोन ठिकाणी दोरा चुकला. काकूचं खरं मानलं तर जोशाची गोष्ट हा नुसता बनाव, पोरीला अनाथ वाटू नये म्हणून रचलेला. मग माझ्या आईला त्यात का ओढली? सरळ मावशी म्हणू दिलं असतं की! आणि जोशाचं खरं मानलं तर बी लियानच्या थडग्याशी हिचा काय संबंध? मी एकदा इकडून विचार करायची, एकदा तिकडून, आणि शेवटी गिऱ्हाइकानं जाई मागितली तर झेंडू द्यायची.

बी होंगला विचारावं तर तिचं सगळं पुसून गेलेलं. ती आता आयर इतमला केंग हुआतच्या फ्लॅटवर असते. केंग हुआतला विचारते, गॅसची नळी बसवायला आलात का? सुनेला म्हणते, वहिनी, तुमच्या सासूबाई कशा आहेत? साव इम दर आठवड्याला जाते, तिला भरवते, केस विंचरते. म्हातारी तिला म्हणते, "तू फार चांगली आहेस गं. कुणाची तू?"

मार्चच्या अखेरीला केंग हुआत माझ्याकडे आला. भला माणूस, पण अवघड काम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात पटाईत. फुलं उगाच चिवडत उभा राहिला.

"अक्का, डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. आमच्यात अंत्यविधीचे कपडे आधी तयार ठेवतात. आईचे शिवून झाले. आता दुकानदार विचारतोय, पोटची मुलं किती? त्यांना गोणपाटाचे घालावे लागतात. बाकीच्यांना साधे पांढरे."

"मग? सांग की."

"तेच तर. एक सांगू की दोन?"

मी सुई ठेवली. "लाज नाही वाटत? साठ वर्षं जिला ताई म्हणालास तिच्याबद्दल मला विचारतोस?"

"मी कशाला विचारतोय? आमच्या कुळाच्या सभेतले म्हातारे म्हणतात, जी जन्मभर मावशी म्हणाली तिनं गोणपाट घालू नये. पोटची असली तरी नाही. इतकी वर्षं देवांपासून लपवलं ते शेवटच्या दिवशी उघड केलं तर पोराबाळांना बाधेल. आणि पोटची नसली तर घालायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, साव इमला काय वाटतं ते बघू. तू विचार ना, अक्का. तुझं ऐकते ती."

थडगी झाडायचा सण तोंडावर आला होता. त्या दिवसांत पोपियाला इतकी मागणी असते की साव इमला मान वर करायला फुरसत नसते. मी तिच्या तव्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. ती ऐकत होती, गोळा टेकवत होती, पोळी सोलत होती.  मग एकदम तिचा हात तव्यावरच थांबला आणि पोळी करपून काळी झाली. तिची पोळी करपलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"मला गोणपाट हवंय असं नाही गं," ती म्हणाली. "मी कोण म्हणून रडायचं तेवढं मला कळायला हवं. भाची म्हणून रडले आणि निघाले मुलगी, तर तिला रडायला मुलगीच नव्हती असं होईल. मुलगी म्हणून रडले आणि निघाले भाची, तर तिकडे बी लियान बसलीय, तिच्यासाठी मी कधीच रडले नाही. मला सांग, मी काय करू?"

"तिलाच विचार."

"तिला काय आठवतंय? आणि विचारायचं म्हणजे आई म्हणून हाक मारून बघायला हवी. ओळख पटली तर पटली. पण तेच तर म्हणायचं नाही ना!"

"का? मरेल म्हणून? अगं, शहाऐंशी वर्षांची झाली ती! आता तिला न्यायला तुझी हाक कशाला लागते?"

साव इम हसली आणि हसता हसता रडायला लागली. गिऱ्हाइकं रांगेत उभी होती. मी त्यांना म्हटलं, "काय बघताय? धूर गेलाय डोळ्यांत." कुणी हललं नाही. पोपिया घेतल्याशिवाय कोण जातंय?

सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी आयर इतमच्या बसमध्ये बसलो. साव इमनं डब्यात मऊ, बिनतिखटाचा पोपिया करून घेतला होता. लिफ्टमध्ये तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

बी होंग खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसली होती. एवढीशी झाली होती, पण केस चापूनचोपून बसवलेले. केंग हुआत आम्हाला बघून लगेच चहा करायला स्वयंपाकघरात सटकला. साव इम खुर्चीशेजारी खाली बसली आणि पोपियाचे बारीक तुकडे भरवायला लागली. म्हातारी चवीनं खात होती.

"पोळी छान आहे," ती म्हणाली. "कुणी केली?"

"मी केली."

"तू कुणाची गं?"

साव इमनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी खुणावलं, बोल.  साठ-पासष्ट वर्षांत एकदाही जो शब्द तिनं या बाईसाठी वापरला नव्हता, तो तिनं इतक्या हळू उच्चारला की मलाही जेमतेम ऐकू आला.

"आई."

म्हातारीचं चघळणं थांबलं.  जोशाबिशावर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या क्षणी मी मनात मारियम्मनला साकडं घातलं, खोटं कशाला सांगू? बी होंगनं दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. माझ्या केसांत रोजच्यासारखा मोगरा होता. सगळे म्हणतात, म्हातारपणी मी हुबेहूब आईसारखी दिसायला लागलेय.

"पाक्कियम," ती मला म्हणाली, "बहिरी झालीस का? पोर कधीची हाक मारतेय. ओ दे की."

साव इमचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. इतक्या वर्षांनी धीर करून मारलेली हाक, आणि ती म्हातारीनं उचलून माझ्या, म्हणजे माझ्या मेलेल्या आईच्या पदरात टाकली.  मी म्हटलं, "ओ."

"हां. पोरीला ताटकळत ठेवू नये." मग तिनं मला बोटानं जवळ बोलावलं. "इकडे ये. तिला ऐकू जायला नको." साव इमचा हात तिच्याच हातात होता, तरी ती कुजबुजत होती. "काल मला विचारत होती, माझी आई मला घरी का नेत नाही म्हणून. मी काय सांगणार? कान पिळला. तू काही बोलू नकोस हं. माझ्या पोटची आहे, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तिला कळलं की ती म्हणणारच, आणि म्हणाली की गेली."

 मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, "आणि बी लियान?"

"बी लियान?" म्हातारीच्या कपाळावर आठ्या पडल्या. "माझी धाकटी. एकाच महिन्यात दिवस भरले होते आमचे. ती गेली. बाळही गेलं. तिला चहा ओतायला कुणी नाही, म्हणून हिला ओतायला लावते मी." ती थांबली. बोटं एकमेकांत गुंतवून सोडवायला लागली. "की माझं गेलं? आणि तिचं राहिलं? दोन होती, पाक्कियम. एक गेलं. कोणतं गं गेलं? तू होतीस ना तिथं?"

मी कुठं होते? माझी आईही नव्हती. मी नुसती मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच माहीत नाही. साव इमच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

बी होंगनं तो विचार सोडून दिला. माझ्या मनगटावर हात ठेवून ती म्हणाली, "जाऊ दे. तुझ्याकडे येते ना ती सकाळी? गल्लीच्या टोकापासून ओरडत येते, अम्मा, अम्मा. मला मागच्या दारात ऐकू येतं. ती तुला हाक मारते ना, तेव्हा मी मनातल्या मनात ओ देते. दर वेळी देते. तुझी हाक चोरते मी. रागावू नकोस."

दारात केंग हुआत चहाचा ट्रे घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्यानं ट्रे खाली ठेवला, नाक ओढलं आणि म्हणाला, "दुकानात दोन सांगतो मी." कुळाच्या सभेचं नाव त्यानं काढलं नाही. साव इमनं ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

ती उठली. म्हातारीच्या खुर्चीमागे, दारापाशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे बघत, पाच वर्षांची असताना ओरडायची तशी, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी हाक तिनं मारली.

"अम्मा!"

मी तोंडातून शब्द काढला नाही. बी होंगचे ओठ हलले.